रस्ता नेमका कुणाचा? रामा, प्रजिमा, इजिमा, ग्रामा म्हणजे काय ते समजून घ्यायचंय

रानवाट
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

गेल्या महिन्यात बाबा तालुक्याहून गावी येताना टू-व्हीलरवरून पडले. संध्याकाळची वेळ, खड्डा पाण्याने भरलेला, समोरून ट्रॅक्टर आला म्हणून बाजूला घ्यायला गेले आणि पुढचं चाक आत गेलं. मनगट मोडलं, प्लेट टाकावी लागली. आता बरे आहेत. पण त्या खड्ड्याची तक्रार द्यायला मी जी फिरतेय ती अजून फिरतेच आहे. ग्रामपंचायतीत म्हणाले हा रस्ता आमच्याकडे येत नाही. एका सरकारी ऑफिसात गेले तर म्हणाले आमच्या यादीत नाही, दुसरीकडे विचारा. दुसरीकडे साहेब मीटिंगला, आणि टेबलावरचा क्लार्क म्हणाला, "मॅडम, रस्ता क्रमांक सांगा, ग्रामा आहे, इजिमा आहे का प्रजिमा?" मी काय सांगणार? लहानपणापासून ज्या रस्त्याने शाळेत गेले त्याला नंबर असतो हेच मला त्या दिवशी कळलं.

तर कुणी नीट समजावून सांगेल का, की आपल्या देशात रस्त्यांचे प्रकार किती, कुठला रस्ता कुणाच्या ताब्यात असतो, आणि आपण उभे आहोत तो रस्ता कुठल्या प्रकारचा हे साध्या माणसाने ओळखायचं कसं?

दूरचा_प्रवासी
आधी बाबांना आराम पडो.

ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे किलोमीटरचा दगड. दगडाचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य मार्ग, काळं किंवा निळं किंवा सगळा दगडच पांढरा असेल तर जिल्ह्याचा रस्ता, आणि केशरी असेल तर ग्रामसडक योजनेतला गावाचा रस्ता. मी कंपनीच्या कामाने महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर असतो, झोपेतून डोळे उघडले तरी दगड बघून कळतं की गाडी कुठल्या रस्त्यावर आहे. फक्त आपल्याकडे दगड रंगवायचं काम मागे पडतं त्यामुळे जुना रंग राहून गेलेला असतो, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका, दगडावर वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचा.

खडी_डांबर
रानवाट ताई, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी सार्वजनिक बांधकाम खात्यात शाखा अभियंता म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. जरा लांबेल पण सगळं सांगतो.

हे जे वर्ग आहेत ते ठरले आपल्या नागपुरात. १९४३ च्या डिसेंबरात देशभरातल्या मुख्य अभियंत्यांची तिथे परिषद झाली आणि पुढच्या वीस वर्षांचा रस्त्यांचा आराखडा मांडला गेला, त्याला आजही नागपूर प्लॅन म्हणतात. देशाचा सगळ्या रस्त्यांचा मिळून असा पहिलाच आराखडा. दर १०० चौरस किलोमीटरला १६ किलोमीटर रस्ता असावा असं त्यात धरलं होतं, पुढे १९६१ च्या आराखड्यात ते ३२ झालं आणि १९८१ च्या लखनौ आराखड्यात ८२. त्याच्याही मागे जायचं तर १९२७ ची जयकर समिती, म्हणजे आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्यांच्या समितीने सांगितलं की मोटारी वाढल्यात, रस्त्यांचं ओझं एकट्या प्रांतांना आणि लोकल बोर्डांना झेपणार नाही, केंद्राने पैसा द्यावा, पेट्रोलवर जादा कर लावून वेगळा फंड करावा. १९२९ ला तो रस्ते निधी सुरू झाला. आज आपण पेट्रोल भरताना रस्त्यांसाठी जो सेस देतो त्याचं मूळ तिथे आहे.

आता वर्ग. वरून खाली सांगतो, आणि महाराष्ट्रात कुठला कुणाकडे तेही.

राष्ट्रीय महामार्ग केंद्राचे. काही ठिकाणी काम राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण बघतं, काही ठिकाणी आमच्याच खात्याचा राष्ट्रीय महामार्ग विभाग केंद्राच्या पैशाने बघतो, सीमेवरचे बरेच सीमा रस्ते संघटनेकडे. त्याखाली राज्य मार्ग म्हणजे रामा, त्यातले जास्त वाहतुकीचे ते प्रमुख राज्य मार्ग. मग प्रमुख जिल्हा मार्ग म्हणजे प्रजिमा, जे बाजारपेठा आणि तालुक्याची गावं एकमेकांना आणि मोठ्या रस्त्यांना जोडतात. हे तिन्ही सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. त्याखाली इतर जिल्हा मार्ग म्हणजे इजिमा आणि शेवटी ग्रामीण मार्ग म्हणजे ग्रामा, हे दोन्ही जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. गोंधळ होतो तो इथेच, दोन्हींच्या पाटीवर "बांधकाम" लिहिलेलं असतं आणि माणूस चुकीच्या दारात जातो. आम्ही आपापसात सरळ पीडब्ल्यूडी आणि झेडपी म्हणायचो.

गावातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीच्या, शहरातले रस्ते नगरपालिका किंवा महापालिकेचे. पण शहरातून राज्य मार्ग जात असेल तर तेवढा पट्टा पीडब्ल्यूडीचाच असू शकतो, नुसत्या हद्दीवरून ठरवू नका.

हे कागदावर बघितलं की वरचे रस्ते म्हणजेच सगळं असं वाटतं. देशात एकूण रस्ते ६३ लाख किलोमीटरच्या आसपास, त्यात राष्ट्रीय महामार्ग दीड लाखाला थोडे कमी. म्हणजे लांबीच्या दोन-सव्वादोन टक्के, पण वाहतूक उचलतात चाळीस टक्क्यांच्या आसपास. आणि एकूण लांबीतले सत्तर टक्क्यांच्या वर रस्ते ग्रामीण. तुमचे बाबा पडले तो रस्ता त्या मोठ्या ढिगातला किंवा त्याच्या लगतच्या पायरीवरचा आहे.

एक काम करा. रस्त्यावर जाऊन दगड शोधा. मोठा किलोमीटरचा दगड सापडला की त्याच्या पुढे दर २०० मीटरला छोटे दगड असतात, त्यांवर २, ४, ६, ८ असे आकडे असतात. खड्डा १२ किलोमीटरच्या दगडानंतर दुसऱ्या छोट्या दगडाशी असेल तर ती जागा झाली किमी १२/४००. याला आम्ही साखळी क्रमांक म्हणतो. अर्जात "अमुक मंदिराजवळ" लिहिलंत तर अर्ज फिरत राहतो, रस्ता क्रमांक आणि साखळी लिहिलीत तर त्या शाखेच्या अभियंत्याला ती स्वतःची जागा म्हणून ओळखावीच लागते.

घाटमाथा
काका, किती छान समजावलंत. प्रिंट काढून ठेवतोय.

लाल_डबा
मी एसटीत ड्रायव्हर आहे, बावीस वर्षं झाली. काकांनी कागदावरचं सांगितलं, मी स्टेअरिंगवर काय जाणवतं ते सांगतो.

एकेरी डांबरी रस्ता असतो पावणेचार मीटरचा. आमची गाडी अडीच मीटर रुंद. म्हणजे समोरून दुसरी एसटी आली की दोघांनाही एकेक चाक साइडपट्टीवर, म्हणजे डांबराच्या कडेच्या पट्टीवर, उतरवावं लागतं, दुसरा उपायच नाही. आता साइडपट्टी मुरूम टाकून डांबराच्या बरोबरीने भरलेली असेल तर प्रवाशाला कळतही नाही. पण पावसाने मुरूम वाहून गेला, डांबराची कड वीतभर उघडी पडली, की चाक उतरताना गाडी अशी कलते की उभे असलेले सगळे एका बाजूला येतात, आणि परत वर घ्यायला गेलं की कडेवर टायर घासतो. टू-व्हीलरवाले पडतात ते बरेचदा खड्ड्याने नाही तर या कडेने पडतात. रस्त्यावर डांबर किती गुळगुळीत ते सगळे बघतात, साइडपट्टी कुणी बघत नाही, मी म्हणतो आधी ती बघा.

दोन पदरी रस्ता सात मीटरचा, तिथे ही अडचण नाही. इजिमा-ग्रामावर दुसरी गोष्ट म्हणजे फरशी पूल. मोठ्या महामार्गावर पूल उंच असतो, खालच्या रस्त्यांवर ओढ्यावर नुसती फरशी, पाऊस झाला की पाणी वरून जातं. आम्हाला सक्त सूचना असते की फरशी दिसत नसेल तर गाडी घालायची नाही. मी दोन दोन तास थांबलोय, प्रवासी बोलतात, घरी जायचं असतं प्रत्येकाला, पण फरशीच्या कडेचे दगड पाण्याखाली असताना गाडी घालणं मला जमत नाही. मुक्कामी गाडी त्या दिवशी गावात पोचत नाही आणि सकाळची शाळेची पोरं अडकतात.

एक्सप्रेसवेवर ताण वेगळा. तिथे आडवं कुणी येत नाही पण डोळा लागतो.

रानवाट
दादा, साइडपट्टीचं वाचून आठवलं, बाबाही हेच म्हणत होते की मी खाली उतरवलं असतं पण कड खूप उंच होती. मी मात्र खड्ड्याचंच धरून बसले होते.

काका, उद्या रविवार आहे, दगड शोधायला जाते.

नकाशावेडा
राष्ट्रीय महामार्गांचा विषय निघालाय तर नंबरांचंही सांगतो, कारण २०१० मध्ये सगळे नंबर बदलले आणि अजून निम्मे लोक जुनेच नंबर बोलतात. पुणे-बंगळूर रस्त्याला आमच्याकडे आजही "एनएच फोर"च म्हणतात, तो आता ४८ आहे. मुंबई-गोवा १७ होता, तो झाला ६६. पुणे-सोलापूर ९ होता, आता ६५.

नवीन पद्धत एकदा डोक्यात बसली की नकाशा न बघता दिशा कळते. सम आकडा असेल तर रस्ता साधारण उत्तर-दक्षिण जातो आणि हे आकडे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत येतात. म्हणून ईशान्येत २ नंबर आहे, मधोमध श्रीनगरहून नागपूरवरून कन्याकुमारीला जाणारा ४४ आणि अरबी समुद्राच्या कडेने ६६. विषम आकडा असेल तर पूर्व-पश्चिम आणि हे उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. आपल्या राज्यातच बघा, धुळे-जळगाव-अकोला-अमरावती-नागपूर ५३, त्याच्या खाली कल्याण-माळशेज-नगर-परभणी-नांदेड ६१, त्याच्या खाली पुणे-सोलापूर ६५. वरून खाली बरोबर क्रमाने आहेत.

तीन आकडी नंबर म्हणजे फाटा. शेवटचे दोन आकडे मूळ रस्त्याचे. रत्नागिरी-कोल्हापूर-सोलापूर १६६ म्हणजे ६६ चा फाटा. माउलींचा पालखी मार्ग ९६५ आणि तुकोबांचा ९६५ जी, दोन्ही ६५ च्या कुटुंबातले. गेल्या वर्षी वारीत चालताना दिवेघाटाच्या पुढे पाटीवर ९६५ बघितलं आणि शेजारच्या आजोबांना हे समजावून सांगितलं, ते पुढच्या प्रत्येक पाटीला नंबर वाचून मला विचारत होते हा कुणाचा फाटा.

स्मिता_प
नकाशावेडा, हे मला अजिबात माहीत नव्हतं!! मुलाला शिकवते.

मला एक विचारायचंय, समृद्धी महामार्ग राष्ट्रीय महामार्ग आहे का? आम्ही फास्टॅगचा वार्षिक पास काढला, नागपूरला गेलो तर पूर्ण पैसे कापले गेले.

दूरचा_प्रवासी
नाही, समृद्धी राज्याचा आहे, राज्य रस्ते विकास महामंडळाने बांधलाय. तो ३,००० रुपयांत २०० फेऱ्यांचा पास १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तो फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय एक्सप्रेसवेच्या टोलनाक्यांना चालतो. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेलाही चालत नाही, तोही महामंडळाचाच. खूप लोक फसतात यात, कारण रुंदी आणि वेग बघून आपल्याला वाटतं एवढा मोठा रस्ता म्हणजे केंद्राचाच असणार.

एक्सप्रेसवे म्हणजे खरं तर वेगळीच जात. रस्ता कुठूनही चढता-उतरता येत नाही, ठरलेल्या इंटरचेंजलाच. मुंबई-पुणे २००२ ला पूर्ण झाला, साडेचौऱ्याण्णव किलोमीटर. समृद्धी ७०१ किलोमीटर, नागपूर-शिर्डी ११ डिसेंबर २०२२ ला उघडला आणि शेवटचा इगतपुरी-आमणे ५ जून २०२५ ला. कारला १२० चा वेग, टू-व्हीलर, रिक्षा, ट्रॅक्टर यांना बंदी. साध्या चार पदरी दुभाजकाच्या रस्त्याला केंद्राची कमाल मर्यादा १०० आणि बाकी रस्त्यांना ७० आहे, म्हणजे रस्त्याच्या प्रकारावर तुमचा कायदेशीर वेगसुद्धा ठरतो.

घाटमाथा
त्यात अजून एक. रस्ता कुठल्या वर्गात आहे यावर काय काय अवलंबून असतं ते २०१७ ला सगळ्या देशाने बघितलं. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१६ मध्ये निकाल दिला की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको. कारण एकच, दारू पिऊन होणारे अपघात. १ एप्रिलपासून अंमल आला आणि त्याच्या आगेमागे कितीतरी राज्यांनी शहरातून जाणारे आपले राज्य मार्ग कागदावर खालच्या वर्गात टाकायला सुरुवात केली. रस्ता तोच, त्यावरची वाहनं तीच, फक्त नाव बदललं आणि ५०० मीटरचा नियम गेला. पुढे कोर्टाने पालिका हद्दीत हा नियम लागू नाही असं सांगितलं. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं, आमच्या घरातला एक माणूस अशाच अपघातात गेलाय. वर्गवारी ही रस्त्याच्या गरजेसाठी आहे, ती दुसऱ्या कशासाठी हलवू नये असं माझं ठाम मत आहे.

खडी_डांबर
घाटमाथा, सहमत. खालच्या वर्गात टाकलं की देखभालीचा पैसाही त्या हिशोबाने येतो हे लोक विसरतात.

बांधावरून
मी शेतकरी आहे, कांदा आणि ऊस. वरचं सगळं वाचलं, चांगली माहिती आहे, पण मंडळी तुमची यादी ग्रामावर येऊन थांबली. आमचा रस्ता तिथून पुढे सुरू होतो.

माझा कांदा वाशीला जातो. शेतातून निघतो तो पाणंदीने, म्हणजे शेतांमधल्या वाटेने, गावापर्यंत दीड किलोमीटर, मग ग्रामा, मग इजिमा, मग बाजाराच्या गावाचा प्रजिमा, पुढे राज्य मार्ग आणि मग राष्ट्रीय महामार्ग. एका टेम्पोने तुमचे सगळे प्रकार एका रात्रीत पालथे घातले. पण सगळ्यात जास्त वेळ आणि जीव कुठे जातो सांगू? त्या पहिल्या दीड किलोमीटरला. पाऊस पडला की काळ्या मातीत टेम्पो येतच नाही, मग गोण्या ट्रॅक्टरने थोड्या थोड्या काढायच्या, ट्रॅक्टरही रुतला की दुसरा आणायचा. महामार्गावर तासाभरात साठ-सत्तर किलोमीटर आणि इथे दीड किलोमीटरला अर्धा दिवस.

पाणंद ही काही आमची मागणी नाही, ती आधीपासूनची आहे. तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेखला गावचा नकाशा मागा आणि नीट बघा. एक तुटक रेघ असते ती पायमार्ग, सव्वाआठ फूट. दोन तुटक रेघा शेजारी शेजारी असतात तो गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट. शिवेवरचा तो शिवरस्ता. मी पहिल्यांदा नकाशा उघडून बघितला तेव्हा माझ्या शेताला लागून त्या दोन तुटक रेघा स्पष्ट दिसत होत्या, आणि बाहेर जागेवर जाऊन टेपने मोजलं तर सहा फूट. बाकीचं गेलं कुठं? कुणी एका दिवसात खाल्लं नाही. दोन्ही बाजूने दरवर्षी नांगराचं एकेक तास आत आलं. आजोबांच्या काळात बैलगाडी होती, तिला सहा फूट पुरलं, कुणी बोललं नाही. आता हार्वेस्टर आहे, उसाची ट्रॉली आहे.

उपाय आहेत. असलेला रस्ता कुणी अडवला तर मामलेदार कोर्ट कायदा १९०६, कलम ५, तहसीलदाराकडे दावा, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करायचा, उशीर केला की अवघड होतं. रस्ताच नसेल तर महसूल संहितेचं कलम १४३, बांधावरून वाट मागता येते, तहसीलदार जागेवर येऊन पाहणी करतात. आणि पाणंद मोकळी झाली की खडीकरणाला शासनाची पाणंद रस्त्यांची योजना आहे. आमच्या शिवारात आम्ही दावा केला नाही. अकरा जणांची शेतं लागून, एका दुपारी सगळे जण नकाशा घेऊन पाणंदीत उभे राहिलो, एका टोकापासून सूत धरलं आणि चुना टाकला. दोघं तयार नव्हते. त्यातल्या एकाची म्हातारी आई घरातून चालत आली आणि म्हणाली गेल्या पावसाळ्यात मला खाटेवर घालून याच पाणंदीने बाहेर काढलं, टाका चुना. त्याच्यापुढे कुणी काही बोललं नाही.

लाल_डबा
भाऊ, वाचून अंगावर काटा आला.

रानवाट
बांधावरून, खरं सांगते, आमच्या शेताच्या पाणंदीचा मी विचारच केला नव्हता.

आज गेले होते. बाबांचा भाचा सोबत होता. दगड सापडला पण गवतात अर्धा बुडालेला. गवत बाजूला केलं, वर चुन्याचे दोन-तीन थर, अक्षर काहीच दिसेना. मग पाण्याच्या बाटलीतलं पाणी ओतून किल्लीने हळूहळू खरवडलं, तेव्हा काळी अक्षरं वर आली. आधी "प्र", मग "जि", मग "मा", आणि खाली नंबर. मी तिथेच खाली बसले. महिनाभर ज्या तीन अक्षरांसाठी फिरत होते ती रस्त्याच्या कडेलाच होती. तिथून पुढे छोटे दगड मोजत गेले, २ चा सापडला, ४ चा उखडून आडवा पडलेला, खड्डा त्याच्या जरा पुढे. म्हणजे १२/४०० च्या आसपास. काका, तुम्ही उदाहरणाला धरला होता तोच आकडा निघाला!

पण एक गोंधळ आहे. गावाच्या कमानीपासून आत शाळेपर्यंत दगड वेगळा आहे, केशरी डोक्याचा.

खडी_डांबर
वा, मस्त काम केलंत. प्रजिमा म्हणजे पीडब्ल्यूडी, तुमच्या तालुक्याच्या उपविभागात उपअभियंत्यांच्या नावे अर्ज द्या, रस्ता क्रमांक, साखळी, फोटो, आणि साइडपट्टी खचल्याचं वेगळं वाक्य टाका. आवक शिक्का मारलेली प्रत परत घ्या. कडेला कामाचा फलक असेल तर त्याचाही फोटो, त्यावर काम कधी झालं आणि ठेकेदाराचा दोष दायित्व कालावधी किती ते असतं. कालावधी संपला नसेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते.

केशरी दगडाचा तुकडा ग्रामसडक योजनेतला. पंतप्रधान योजना असेल तर ती २५ डिसेंबर २००० पासून आहे, सपाट भागात ५०० वर वस्ती आणि डोंगरी-आदिवासी भागात २५० वर वस्ती असलेल्या गावांना बारमाही रस्ता द्यायला. त्यात पहिली पाच वर्षं देखभाल ठेकेदाराकडेच असते. मुख्यमंत्री ग्रामसडकही आहे, फलक वाचा म्हणजे कळेल. तक्रारीला पंतप्रधान योजनेसाठी मेरी सडक नावाचं ॲप आहे. आणि राष्ट्रीय महामार्गावर कुणी अडकलं तर १०३३ नंबर लक्षात ठेवा सगळ्यांनी.

माळरान
माझा एक वेगळा मुद्दा आहे. आमच्या भागात सगळे म्हणतात रस्त्याचा दर्जा वाढवून घ्या, इजिमाचा प्रजिमा करा, राज्य मार्गाचा राष्ट्रीय करा, म्हणजे निधी येईल. आमचा इजिमा चार वर्षांपूर्वी प्रजिमा व्हायचा ठराव झाला आणि त्या दिवसापासून त्यावर खडीचा तुकडा पडला नाही. जुने म्हणतात आता आमचा नाही, नवे म्हणतात अजून आमच्याकडे आला नाही.

खडी_डांबर
माळरान, हे मी नोकरीत फार जवळून बघितलंय. दर्जोन्नतीचा ठराव, जिल्हा परिषदेची ना हरकत, शासनाचा निर्णय, मग प्रत्यक्ष हस्तांतरण, यात मधली दोन-तीन वर्षं रस्ता उघडा पडतो. मधल्या काळात कितीतरी राज्य मार्ग "तत्त्वतः" राष्ट्रीय महामार्ग झाले तेव्हाही असंच झालं, एका बाजूचा देखभालीचा हात सुटला आणि दुसऱ्या बाजूचा अजून लागला नव्हता. लोकांनी दर्जा मागावा, पण ठरावातच लिहून घ्यावं की हस्तांतरण होईपर्यंत खड्डे कोण भरणार.

आणि वर्ग वाढला म्हणून खालची माती बदलत नाही हेही खरंय. काळ्या मातीवरचा ग्रामा नुसता वरून कार्पेट टाकून प्रजिमासारखा चालणार नाही, खालून मुरूम-खडीचे थर जाड करावे लागतात, बाजूचे चर उपसावे लागतात. डांबराचा वैरी पाणी. पूर्वी प्रत्येक रस्त्यावर मैलकुली असायचे, ठरलेल्या लांबीचा माणूस. पहिल्या पावसात तो फावडं घेऊन पाणी कुठे साचतंय ते बघायचा आणि साइडपट्टीला आडवी चर मारून पाणी काढून द्यायचा. दहा मिनिटांचं काम, पण त्याने खड्डा पडायचाच थांबायचा. माझ्या शाखेत एक जण होते, त्यांना लिहिता येत नव्हतं, पण कुठल्या मोरीचं तोंड कधी बुजतं हे मला त्यांनी शिकवलं. ते निवृत्त झाले आणि जागा भरलीच नाही. रस्त्याच्या वर्गाइतकंच रस्त्याला माणूस आहे का हे विचारायला हवं असं मला फार वाटतं.

नकाशावेडा
काका, तुमच्या त्या मैलकुलींवर एक वेगळा धागा काढा ना. असलं कुठे लिहिलेलं सापडत नाही.

बांधावरून
+१. आणि माळरान भाऊ, ग्रामसभेत लेखी विषय द्या, तोंडी बोललेलं इतिवृत्तात येत नाही.

रानवाट
मंडळी, उशिरा लिहितेय पण कळवायलाच हवं होतं.

अर्ज दिला तेव्हा टेबलावरच्या माणसाने रस्ता क्रमांक वाचला, रजिस्टर काढलं, बोट फिरवलं आणि म्हणाला हो, हा आपलाच आहे. एवढंच. नवव्या दिवशी गँग आली. खड्डा चौकोनी कापून भरला, रोलर फिरवला, आणि मी दोनदा विनंती केल्यावर त्या वळणावर दोन्ही बाजूंनी साइडपट्टीला मुरूम टाकला. उखडलेला ४ चा दगड मात्र तसाच आडवा होता, तो माझ्या भावाने आणि त्या गँगमधल्या एका काकांनी मिळून परत उभा केला.

कमानीपासून शाळेपर्यंतच्या तुकड्याची पाच वर्षं संपायला अजून सात महिने आहेत, फलकावर तारीख आहे, तिथली मोरी तुंबलीय, त्याची तक्रार काल टाकली. बांधावरून भाऊ, पाणंदीचा नकाशा तलाठी भाऊसाहेबांनी सोमवारी द्यायचं कबूल केलंय. बाबा म्हणतायत प्लेट असली तरी सूत धरायला मी येणार.